घरोब्याचा वैरी

उंची विचाराल, तर एका मिलिमीटरमध्ये असे पाच हजार जण ओळीने उभे राहतील. बांधा गोल. अंगावर स्निग्ध पदार्थाचं पातळ पांघरूण, त्यातून बाहेर डोकावणारी प्रथिनांची टोकं, आणि आत वीस पैलूंची एक काटेकोर पेटी. पेटीत गुंडाळून ठेवलेला डीएनएचा एकच धागा, साधारण दीड लाख अक्षरांचा. नाव हर्पिस सिम्प्लेक्स, प्रकार पहिला. उघड्या जगात ही स्वारी कमालीची नाजूक. साबणाचा हात लागला की पांघरूण विरघळतं, आणि पांघरूण गेलं की खेळ संपला. स्पिरिटपुढे टिकाव नाही, कोरड्या पृष्ठभागावर फार काळ निभाव नाही. घराबाहेर ज्याला कोणी विचारत नाही असा हा गृहस्थ माणसाच्या अंगात एकदा शिरला, की जन्माचा रहिवासी होतो.

आणि शिरतो तो थोडक्यांच्या अंगात नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या शरीरात त्याचं वास्तव्य आहे. म्हणजे दर तिघांत जवळजवळ दोघांच्या. हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांची त्याच्याशी गाठ पडून गेलेली असणार, फक्त कोणी रीतसर ओळख करून दिली नसेल. त्याचा एक उद्योग सगळ्यांना ठाऊक आहे: तापातून उठल्यावर ओठाच्या कडेला येणारे बारीक, पाण्याने भरलेले, झोंबणारे फोड. 'अंगातला ताप ओठावर फुटला' असं म्हणून घरात त्यावर तूप लावतात आणि आठ-दहा दिवसांत ते खपली धरून जातात. त्याचा दुसरा उद्योग डोळ्यात चालतो. तो फारसा कोणाला माहीत नसतो, आणि नेमका तोच महागात पडतो.

घराणं मोठं आणि जुनं आहे. माणसाच्या अंगात कायमची वस्ती करणारे या कुळातले नऊ विषाणू माहीत आहेत. लहानपणी कांजिण्या आणणारा आणि म्हातारपणी नागीण होऊन उठणारा, तो याचाच भाऊबंद. माणसाशी याचा संबंध किती जुना? जनुकांच्या तुलनेवरून शास्त्रज्ञ असा अंदाज बांधतात, की माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज वेगळे झाले तेव्हापासून, म्हणजे साठेक लाख वर्षांपासून, हा आपल्या वंशाबरोबर चालत आला आहे. इतक्या सहवासात त्याने एक गोष्ट पक्की शिकून घेतली: यजमानाला मारायचं नाही. मेंदूत शिरून जीव घेण्याचे प्रसंग त्याच्या हातून घडतात, नवजात बाळाला तर तो फार घातक ठरू शकतो, पण हे अपवाद. एरवी त्याचा स्वभाव दीर्घ मुक्कामाचा.

प्रवेश बहुतेक वेळा लहानपणी होतो, आणि तोही लाडातून. एखादी आत्या, एखादे आजोबा, कोणीतरी बाळाचा पापा घेतं. देणाऱ्याच्या ओठावर फोड असतीलच असं नाही. काही दिसत नसतानाही लाळेतून तो अधूनमधून बाहेर पडत असतो. बाळाला कधी ताप येतो, हिरड्या सुजतात, तोंड येतं, बाळ दूध घेत नाही, दोन-चार रात्री घराची झोप उडते. पण बहुतेकांच्या बाबतीत एवढंही घडत नाही. तो आला हे कोणाला कळतच नाही.

ओठाच्या किंवा तोंडाच्या त्वचेत थोडी वीण वाढवून झाली, की तो तिथल्या संवेदनेच्या नसांच्या टोकांत शिरतो. तिथून पुढे त्याला स्वतः चालावं लागत नाही. नसेच्या लांब धाग्यात पेशीची स्वतःची मालवाहतूक चालू असते. तिच्यावर बसून तो उलट्या दिशेने, मुळाकडे जातो. हे मूळ कवटीच्या तळाशी, कानाच्या पुढच्या बाजूला खोल आत असतं. चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या मोठ्या नसेची ती गाठ, ट्रायजेमिनल गँग्लिऑन. ही जागा समजून घेतली की त्याचं सगळं चरित्र उलगडतं. तालुक्याच्या गावचं एसटी स्टँड डोळ्यांपुढे आणा. तीन मार्गांच्या गाड्या तिथून सुटतात: एक कपाळाकडे आणि डोळ्याकडे, दुसरी गालाकडे आणि वरच्या ओठाकडे, तिसरी खालच्या ओठाकडे आणि हनुवटीकडे. हा गृहस्थ आला ओठाच्या गाडीने. पण स्टँडवर उतरल्यावर परत जाताना ओठाचीच गाडी पकडली पाहिजे, असं बंधन त्याच्यावर नाही. एखाद्या दिवशी तो डोळ्याच्या गाडीत बसतो. ओठावरचा फोड हाताळून तेच बोट डोळ्याला लावल्यानेही तो डोळ्यात जाऊ शकतो, म्हणून डॉक्टर हात धुवायला सांगतात ते योग्यच. पण मोठ्या माणसाच्या डोळ्यात तो उगवतो तेव्हा बहुतेकदा बाहेरून आलेला नसतो. आतूनच आलेला असतो.

त्याचा हा पत्ता सापडायला माणसाला बराच काळ लागला. चेहऱ्यातल्या असह्य कळांवर इलाज म्हणून ही नस कापण्याच्या शस्त्रक्रिया विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हार्वी कुशिंग करत. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांत रुग्णांच्या तोंडाभोवती फोड उठतात, हे त्यांच्या लक्षात आलं. गाठीला धक्का लागला की ओठावर फोड, हा काय प्रकार? १९२९ साली अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी तर्क मांडला, की विषाणू त्या गाठीतच दडून राहत असला पाहिजे. तर्क बरोबर होता, पण पुरावा यायला पुढची चार दशकं गेली. १९७१ साली स्टीव्हन्स आणि कुक यांनी उंदरांच्या नसांच्या गाठींतून निद्रिस्त विषाणू जागा करून दाखवला. १९७३ साली बॅरिंजर आणि स्वोव्हलँड यांनी शवविच्छेदनात मिळालेल्या माणसांच्या ट्रायजेमिनल गाठींचे तुकडे प्रयोगशाळेत पेशींच्या सोबतीने वाढत ठेवले, आणि त्यांतून हा बाहेर आला. ज्यांच्या गाठी होत्या त्यांतल्या अनेकांना, आपण आयुष्यभर कोणाला सांभाळलं, याचा पत्ताही नसेल.

झोपण्याची त्याची कला विलक्षण आहे. नसेच्या पेशी विभागत नाहीत; एकदा घडल्या की बहुधा आयुष्यभर त्याच राहतात. म्हणून तर त्याने ही जागा निवडली. पेशीच्या केंद्रकात तो आपल्या डीएनएचं कडं करून पडून राहतो. पांघरूण नाही, पेटी नाही, प्रथिनं नाहीत. प्रतिकारशक्तीच्या पहारेकऱ्यांना ओळखायला खूण लागते, आणि तो ती जवळजवळ दाखवतच नाही. त्याची बाकी सगळी जनुकं गप्प असतात, एकच भाग हलक्या आवाजात चालू असतो, आणि त्याचं काम पेशी जगवायचं आणि झोप टिकवायचं असावं असं दिसतं. ही झोप त्याचं कवच आहे. आपल्याकडची सगळी औषधं जाग्या विषाणूवर चालतात. झोपलेल्याला त्यांचा स्पर्शही होत नाही.

आता डोळ्याकडे. तो जिथे उतरतो तो बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. रक्तवाहिनी एकही नाही, कारण रक्तवाहिनी आली की पारदर्शकपणा गेला. मात्र संवेदनेच्या नसा इतक्या दाट, की शरीरात दुसरीकडे क्वचितच असतील. म्हणून तर धुळीचा एक कण गेला तरी माणूस कासावीस होतो. याच नसांतून उतरून तो सर्वांत वरच्या थरातल्या पेशींत शिरतो आणि शेजारच्या पेशीतून शेजारच्या पेशीत सरकत जातो. डोळा लाल होतो, पाणी गळतं, उजेड सहन होत नाही, काहीतरी खुपतं, थोडं धूसर दिसतं. तक्रार जवळजवळ नेहमी एकाच डोळ्याची. दोन्ही डोळे एकदम धरणं मुलांमध्ये किंवा ॲलर्जीची प्रकृती असलेल्यांमध्ये अधिक दिसतं.

नुसत्या डोळ्यांना ही जखम नीट दिसत नाही. डॉक्टर फ्लुरेसिन या रंगद्रव्याच्या नारिंगी पट्टीचं टोक पापणीच्या आत टेकवतात, स्लिट लॅम्प या तपासणीच्या यंत्राचा निळा दिवा लावतात, आणि बुबुळावर हिरवीगार चमकणारी एक आकृती उमटते: झाडाच्या निष्पर्ण फांदीसारखी, फाटे फुटलेली, आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला एक छोटी गाठ. टोकाची ही गाठ महत्त्वाची. नागिणीचा भाऊबंदही डोळ्यात फाटे काढतो, पण ते उथळ आणि उंचवट्याचे असतात, त्यांच्या टोकांना अशा गाठी नसतात. नळाच्या पाण्यात लेन्स धुणाऱ्यांच्या डोळ्यात शिरणारा अकँथामिबा नावाचा सूक्ष्मजीव कधीकधी हुबेहूब नक्कल करू पाहतो. पण अनुभवी नजर त्या गाठींवरून याला ओळखते. मारबुर्गचे नेत्रवैद्य विल्हेल्म ग्रुटर यांनी १९१० च्या दशकात अशाच रुग्णाच्या डोळ्यातला अंश सशाच्या बुबुळाला लावला आणि तिथे तोच विकार उभा राहिला. ओठाचा फोड आणि डोळ्यातली ती फांदी यांचा कर्ता एकच, हे त्यानंतरच्या काही वर्षांत स्पष्ट झालं. म्हणजे या महाशयांना शास्त्राने पकडलं ते डोळ्यामुळेच.

एवढ्यावर प्रकरण थांबलं तर त्याला वैरी म्हणायचं कारण नाही. वरचा थर रोजच्या रोज नवा होत असतो. साध्या फांदीची जखम कित्येकदा उपचाराशिवायही भरते, आणि औषधाने तर लवकर आणि स्वच्छ भरते. दृष्टी जाण्याची गोष्ट सुरू होते ती पुढे, आणि तिथे तो एकटा नसतो. तिथे आपण सामील होतो.

आपल्याकडच्या कुठल्याही गावातल्या डोळ्यांच्या ओपीडीत हा संवाद ऐकायला मिळतो.

"मावशी, कधीपासून लाल आहे डोळा?"

"झाले की पंधरा दिवस. डोळा आलाय वाटलं. मेडिकलवाल्याकडनं थेंब आणले. दोन दिवस लई बरं वाटलं, मग पुन्हा वाढलं."

"बाटली आणलीय का?"

पदराच्या गाठीतून किंवा पिशवीतून बाटली निघते. डॉक्टर लेबल वाचतात. अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड, दोन्ही एकत्र.

"हाच डोळा आधी कधी असा झाला होता?"

"झाला होता की. गेल्या साली, आणि त्याच्या आधी एकदा. तेव्हा याच थेंबांनी बरा झाला."

या चार ओळींत सगळी कथा आहे. स्टेरॉइड लाली घालवतं, सूज घालवतं, वेदना घालवतं. म्हणजे तक्रार घालवतं. पण लाली म्हणजे शरीराने पाठवलेली कुमक असते. ती थोपवली की वरच्या थरात जाग्या असलेल्या विषाणूला मोकळं रान मिळतं. फांद्या रुंदावतात, एकमेकींत मिसळतात आणि तिथे नकाशासारखी पसरट, वेड्यावाकड्या काठांची जखम होते. पहिल्या दोन दिवसांचं 'लई बरं' हेच या चकव्याचं मर्म. डोळे येण्याची साथ असते तेव्हा तर शंकाही येत नाही. मात्र साथीत बहुधा एकामागून एक दोन्ही डोळे धरतात, चिपडं येतात, घरात आणखी कोणाला तरी झालेलं असतं. एकच डोळा, पुन्हा पुन्हा तोच डोळा, उजेडाचा त्रास आणि धूसर नजर, ही लक्षणं वेगळं काही सांगतात. आणि थेंबांच्या जागी मध, गुलाबपाणी, बाळंतिणीचं दूध आलं, तर जखमेत जंतूंची भर पडण्याची भीती. उसाचं पातं किंवा भाताचं कुसळ लागून बुरशीची जखम होणारेही आपल्याकडे भरपूर. तिथेही न तपासता टाकलेलं स्टेरॉइड असाच घात करतं.

डॉक्टर आणखी एक साधी परीक्षा करतात. कापसाचं टोक पिळून बारीक शेंडी काढतात आणि बधिर करणारा थेंब टाकण्याआधी बुबुळाला हळूच लावतात. निरोगी डोळा झटकन मिटतो. याच्या वहिवाटीतला डोळा उशिरा मिटतो किंवा मिटतच नाही. ज्या नसांतून तो ये-जा करतो त्या नसाच तो हळूहळू बधिर करत जातो. म्हणून पहिल्या खेपेला खूप दुखलेला डोळा तिसऱ्या-चौथ्या खेपेला फारसा दुखत नाही. रुग्णाला वाटतं, यंदा कमी आहे. प्रत्यक्षात दुखणं कळवणारी व्यवस्थाच खिळखिळी झालेली असते. पुढे अशा डोळ्यात विषाणू नसतानाही जखमा होत राहतात आणि भरायला महिने घेतात, कारण त्या नसा पडद्याचं पोषणही करत असतात.

दुसरा सामीलदार म्हणजे आपलं शरीर. वारंवार येण्यातून विषाणूचे अंश वरच्या थराखालच्या जाड मुख्य थरात, स्ट्रोमामध्ये, पोचतात. तिथे तो जिवंत असो वा त्याची नुसती प्रथिनं पडलेली असोत, प्रतिकारशक्तीच्या पेशी तुटून पडतात. जिथे एकही रक्तवाहिनी नसावी तिथे रक्तवाहिन्या शिरतात. तंतूंची जी नेमकी रचना पडदा पारदर्शक ठेवते ती विस्कटते, आणि जखम भरते ती पांढरट वण ठेवून. गावाकडे म्हणतात, डोळ्यात फूल पडलं. हे फूल पाडण्यात विषाणूचा वाटा थोडा, आपल्या संरक्षकांच्या त्वेषाचा मोठा. शत्रू लहान आणि लढाई मोठी, असा हा प्रकार. आणि इथे एक विचित्र वळण येतं: जे स्टेरॉइड वरच्या थरात घातक ठरलं, तेच या खालच्या थराच्या दाहावर औषध असतं. पण विषाणूविरोधी औषधाच्या जोडीने, मोजून, आणि आठवड्यांच्या हिशेबाने हळूहळू उतरवत. एकच बाटली एका थरात विष, दुसऱ्या थरात औषध. कुठल्या थरात काय चाललं आहे हे स्लिट लॅम्पशिवाय कळत नाही, आणि स्लिट लॅम्प मेडिकलच्या काउंटरवर नसतो.

आणखी खोलवरही त्याची मजल जाते. पडद्याच्या सर्वांत आतल्या थराला दाह झाला की बुबुळाच्या मध्यावर गोल सुजेचा चकंदा दिसतो. त्या थरातल्या पेशी गेल्या की नव्या तयार होत नाहीत. बाहुलीभोवतालच्या रंगीत पडद्याला सूज आली की डोळ्याचा दाब एकदम चढतो. सगळ्यांत भयंकर म्हणजे मागच्या दृष्टिपटलाची झपाट्याने होणारी हानी. ती क्वचित होते, पण झाली तर दिवसांचा नव्हे, तासांचा प्रश्न असतो. एका प्रसिद्ध अंदाजानुसार बुबुळावरचा त्याचा हल्ला जगात दरवर्षी सुमारे १५ लाख लोकांना होतो आणि त्यांतल्या सुमारे ४० हजारांची त्या डोळ्याची नजर फार अधू होते किंवा जाते. ३८० कोटींच्या घरी राहणाऱ्याच्या मानाने हा आकडा लहान. म्हणूनच तो नजरेआड राहतो.

त्याचे प्रतिस्पर्धी मात्र तोलामोलाचे निघाले. येल विद्यापीठात विल्यम प्रुसॉफ यांनी १९५९ साली आयडॉक्स्युरिडिन नावाचं रसायन तयार केलं होतं. डोळ्यासमोर होता कर्करोग. पोटात देण्यासाठी ते फार विषारी ठरलं. पण हर्बर्ट कॉफमन यांनी १९६२ साली दाखवून दिलं, की त्याच्या थेंबांनी बुबुळावरची ती फांदी बरी होते. विषाणूवर माणसात खरोखर चालणारं पहिलं औषध म्हणून त्याची नोंद आहे. म्हणजे विषाणूंवर औषध असू शकतं, हा धडा वैद्यकशास्त्र पहिल्यांदा शिकलं ते डोळ्यात आणि याच्याच अंगावर.

मग १९७० च्या दशकात ॲसायक्लोव्हिर आलं. हॉवर्ड शेफर, गर्ट्रूड एलियन आणि बरोज वेलकम कंपनीतले त्यांचे सहकारी यांचं हे काम. एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. या औषधाची युक्ती ऐकून आनंद व्हावा अशी आहे. ते निरोगी पेशीत जवळजवळ निष्क्रिय असतं. विषाणू जागा होऊन वीण वाढवू लागला की स्वतःचं एक एन्झाइम तयार करतो. तेच एन्झाइम औषधाला पहिला टेकू देऊन कामाला लावतं. मग औषध त्याच्या नव्या डीएनएच्या साखळीत घुसतं आणि साखळी तिथेच खुंटते. त्याच्याच हाताने त्याचा काटा काढायचा. पण काटा निघतो तो जाग्याचा. गाठीत झोपलेला ते एन्झाइम बनवत नाही, म्हणून औषध त्याच्या दारावरून निघून जातं. त्याच्यावर लसही अजून नाही.

तो जागा होतो कशाने? याबद्दल प्रत्येकाचं एक मत असतं. ऊन लागलं, जागरण झालं, ताण आला, पाळी आली, ताप आला. ओठाच्या बाबतीत यांतलं काही खरं आहे; कडक उन्हाने फोड उठतात हे पाहिलेलं आहे. डोळ्याबाबत अमेरिकेतल्या 'हर्पेटिक आय डिसीज स्टडी' या मोठ्या अभ्यासमालिकेने शहानिशा केली. रुग्णांनी दर आठवड्याला ताण, ऊन, आजारपण, लेन्स, डोळ्याला इजा अशा गोष्टींची नोंद करायची, आणि पुढे डोळा उठतो का ते पाहायचं. वेळेवर भरलेल्या नोंदींत कशाचाच ठाम संबंध दिसला नाही. मौज अशी, की डोळा उठल्यानंतर मागाहून भरलेल्या नोंदी हिशेबात धरल्या, तर ताणाचा संबंध लगेच दिसू लागला. माणूस आजारी पडला की मागे वळून कारण शोधतो आणि ते त्याला सापडतंच. तेव्हा 'मी काळजी केली म्हणून डोळा गेला' असं स्वतःला दोष देत बसलेल्यांनी तो दोष खाली ठेवायला हरकत नाही.

त्याच मालिकेने एक गोष्ट मात्र पक्की केली. वर्षभराच्या आत डोळ्याचा हल्ला येऊन गेलेल्या ७०३ जणांवरच्या, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांना बारा महिने दिवसातून दोनदा ॲसायक्लोव्हिरची ४०० मिलिग्रॅमची गोळी दिली. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांना पुन्हा हल्ला आला, औषध घेणाऱ्यांपैकी १९ टक्क्यांना. औषध थांबल्यावर फायदाही ओसरला. आणखी एक कळलं: ज्याच्या जाड थरात तो एकदा उतरला, त्याच्या तिथे पुन्हा उतरण्याची शक्यता इतरांच्या साधारण दहापट. म्हणजे तो सगळीकडे सारखा भटकत नाही. एकदा धरलेली वाट धरून चालतो. म्हणून अशा रुग्णांना डॉक्टर महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं गोळी चालू ठेवायला सांगतात, आणि डोळा पांढराशुभ्र दिसत असताना ती घेत राहणं रुग्णाच्या जिवावर येतं.

फूल बाहुलीच्या मधोमध पडलं तर शेवटचा इलाज नेत्ररोपणाचा. कोणीतरी जाता जाता डोळे दिलेले असतात, ते बुबुळ इथे शिवलं जातं, आणि कित्येक वर्षं धुक्यात असलेल्या डोळ्याला अक्षरं दिसू लागतात. पण स्टँड तेच आहे आणि गाडीही तीच. नव्या बुबुळातही तो उतरू शकतो. शिवाय मागच्या लढायांनी आत ओढलेल्या रक्तवाहिन्यांमुळे शरीर नवं बुबुळ नाकारण्याचा धोका वाढलेला असतो. म्हणून अशा रोपणानंतर दीर्घकाळ गोळी आणि थेंब दोन्हींची शिस्त लागते. दान मिळालेलं एक बुबुळ किती हातांतून, किती वाट पाहून आलेलं असतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही शिस्त जड वाटू नये.

असा हा गृहस्थ. त्याला हाकलता येत नाही, त्याची झोप आपल्या हुकमात नाही, आणि तो पुढच्या खेपेला कुठली गाडी धरेल तेही सांगता येत नाही. आपल्या संरक्षकांचा त्वेषही आपल्याला विचारून चढत नाही. तरी त्याच्या उद्योगातला एक मोठा वाटा खास आपल्या घाईचा आहे, आणि तो काढून घेता येतो. ओठावर फोड असताना बाळाचे पापे घ्यायचे नाहीत, फोड चाळवलेल्या बोटाने काजळ घालायचं नाही, लेन्स थुंकीने ओली करायची नाही. उरलेली बाटली 'मागच्या वेळी हिनेच बरं वाटलं होतं' म्हणून पुन्हा उघडायची नाही, आणि शेजारणीला तर मुळीच द्यायची नाही. आधी असा डोळा झाला असेल तर तो जुना कागद जपून ठेवायचा. मोतीबिंदूच्या किंवा चष्मा घालवण्याच्या शस्त्रक्रियेआधी तो दाखवायचा, कारण तशा शस्त्रक्रियेनंतरही तो उठू शकतो. आणि पुढच्या वेळी तोच डोळा लाल झाला, की मेडिकलचं दुकान ओलांडून थेट स्लिट लॅम्पसमोर जाऊन बसायचं आणि पहिल्याच वाक्यात सांगायचं: "डॉक्टर, हा डोळा आधीही असाच झाला होता." साठ लाख वर्षं मुरलेल्या त्याच्या सवयींपुढे आपली एवढी एक सवय बऱ्याचदा पुरून उरते.